दुखावलेल्या दोन राजधान्या

२० एप्रिल १९५९ रोजी मुंबईतल्या चिनी वाणिज्य दूतावासासमोर निदर्शक जमले. ल्हासातला उठाव चिनी सैन्याने चिरडला होता. दलाई लामा तीन आठवड्यांपूर्वी सीमा ओलांडून भारतात आले होते आणि लोक संतापले होते. निदर्शकांनी दूतावासाच्या भिंतीवर माओ त्से-तुंग यांचं चित्र चिकटवलं आणि त्यावर टोमॅटो आणि नासकी अंडी फेकली. मोर्चांची सवय असलेल्या शहराच्या लेखी विषय तिथेच संपला.

पेकिंगच्या लेखी तो संपला नव्हता. आठवडाभरात चीन सरकारचा निषेध खलिता आला. चिनी जनतेच्या प्रिय नेत्याचा हा घोर अपमान आहे, समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत आम्ही हे प्रकरण सोडणार नाही, त्याला शंभर वर्षं लागली तरी बेहत्तर, असा त्याचा सूर होता. दिल्लीने घडल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, पण लोकशाहीत निदर्शनं रोखता येत नाहीत हेही कळवलं. हा खुलासा खरा होता, तरी तो पेकिंगला पटणं अवघड होतं. सरकारच्या इशाऱ्याशिवाय रस्त्यावर कोणी उतरतं, ही कल्पनाच त्या राजवटीच्या अनुभवात नव्हती. त्यामुळे मुंबईच्या फुटपाथवरचा संताप हा नेहरूंचा डाव म्हणून वाचला गेला.

साडेतीन वर्षांनी झालेल्या युद्धाची कारणं सांगताना नकाशे, मॅकमहोन रेषा आणि अक्साई चीनचा रस्ता यांची चर्चा होते. ती आवश्यकच आहे. पण त्या रेषांवर तोडगा निघण्याच्या संधी एकामागून एक का हुकल्या, हे नकाशावरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही राजधान्यांच्या मनात त्या काळात काय चाललं होतं, ते पाहावं लागतं.

दिल्लीपासून सुरुवात करू. एप्रिल १९५४मध्ये भारताने चीनशी तिबेटविषयक करार केला आणि त्याच्या प्रस्तावनेत पंचशील आलं. करारात सीमेचा उल्लेख नव्हता. चीनने सीमेचा प्रश्न काढला नाही, म्हणजे त्याला आपली सीमा मान्य आहे, असा अर्थ दिल्लीने लावला. त्याच वर्षी जुलैमध्ये नेहरूंनी लेखी सूचना दिली की नव्या नकाशांत उत्तरेची सीमा पक्की दाखवावी आणि तिच्याबद्दल कुणाशीही वाटाघाटी करू नयेत. सरदार पटेलांनी नोव्हेंबर १९५०मध्येच चीनच्या हेतूंबद्दल सावध करणारं पत्र लिहिलं होतं, पण नेहरूंचा विश्वास वेगळ्या गोष्टीवर होता. वसाहतवादातून सुटलेले आशियातले दोन मोठे देश एकमेकांवर हत्यार उचलणार नाहीत, ही त्यांची मनापासूनची धारणा होती. शिवाय भारतावर मोठा हल्ला झाला तर त्यातून जागतिक युद्ध भडकेल आणि म्हणून तो होणारच नाही, हेही त्यांनी गृहीत धरलं होतं.

अक्साई चीनमधून जाणारा रस्ता पूर्ण झाल्याची बातमी १९५७मध्ये चिनी वृत्तपत्रांतूनच आली. पुढच्या वर्षी पाहणीसाठी पाठवलेल्या भारतीय गस्ती तुकड्यांपैकी एक चिनी सैनिकांनी पकडली. दिल्लीने ऑक्टोबर १९५८मध्ये निषेध नोंदवला, पण संसदेला काही सांगितलं नाही. गुपचूप वाटाघाटींनी मार्ग निघेल अशी आशा होती. २८ ऑगस्ट १९५९ला नेहरूंनी लोकसभेत त्या रस्त्याची कबुली दिली, तेव्हा सभागृहाला एकाच वेळी दोन धक्के बसले : शेजाऱ्याने जमीन घेतली आणि सरकारने ती लपवली. संशय दूर करण्यासाठी नेहरूंनी दोन्ही देशांमधला सगळा पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने छापला. हेतू प्रामाणिक होता. परिणाम असा झाला की यापुढे लिहिलेलं प्रत्येक पत्र वर्तमानपत्रांत येणार आणि प्रत्येक शब्द ‘नमतं घेतलं का?’ या एकाच कसोटीवर तोलला जाणार, हे ठरून गेलं.

दोनच महिन्यांत, २१ ऑक्टोबर १९५९ रोजी, लडाखमधल्या कोंगका खिंडीजवळ चिनी सैनिकांनी भारतीय पोलिसांच्या तुकडीवर गोळीबार केला. दहा जवान मारले गेले आणि करमसिंग या अधिकाऱ्यासह काही जण पकडले गेले. देशभर हा दिवस आजही पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. मृतदेह परत मिळायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ची घोषणा लोकांच्या मनातून कायमची उतरली.

आता पेकिंगकडे पाहू. अफूच्या युद्धांपासून शंभर वर्षं परक्या सत्तांनी आपले लचके तोडले, ही भावना चिनी कम्युनिस्टांच्या राजकारणाचा पाया होती. मॅकमहोन रेषा त्यांना त्याच लचकेतोडीचा भाग वाटे आणि ब्रिटिशांनी आखलेली रेषा स्वतंत्र भारत इतक्या अभिमानाने का मिरवतो, हे त्यांना उमजत नसे. त्यात तिबेट पेटलं. अमेरिकेची गुप्तहेर संघटना तिबेटी बंडखोरांना प्रशिक्षण आणि शस्त्रं देत होती, आणि त्यात भारताचा हात आहे अशी चिनी नेत्यांची खात्री झाली होती. मे १९५९मध्ये ‘पीपल्स डेली’ने नेहरूंच्या तत्त्वज्ञानावर प्रदीर्घ लेख छापला. माओंनी स्वतः लक्ष घालून तयार करवून घेतलेल्या त्या लेखाचं म्हणणं असं होतं की तिबेट आपल्या प्रभावाखालचा प्रदेश राहावा, अशीच भारताची इच्छा आहे.

ही खात्री चुकीची होती. तिबेट हिसकावण्याचा कोणताही बेत दिल्लीत शिजत नव्हता. १९५४च्या करारातच भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचं मान्य केलं होतं. पण आपल्याच धोरणामुळे तिबेटी जनता उठली, हे पेकिंगला स्वतःशी कबूल करायचं नव्हतं. दोष बाहेर शोधणं सोपं होतं आणि बाहेर आयता सापडला तो भारत. चीनच्या अभ्यासकांपैकी अनेकांना १९६२च्या युद्धाचं मूळ या चुकीच्या निदानात दिसतं. मला त्यांचं म्हणणं पटतं.

तरीही एक दार उघडं होतं. एप्रिल १९६०मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय आठवडाभर दिल्लीत होते. पूर्वेकडे भारताचा ताबा चीनने मान्य करावा आणि पश्चिमेकडे अक्साई चीनवरचा चीनचा ताबा भारताने मान्य करावा, असं त्यांच्या बोलण्यातून सूचित होत होतं. पण ते येण्याआधीच विरोधी खासदारांनी नेहरूंना पत्र लिहून बजावलं होतं की देशाच्या भूमीबद्दल कोणतीही तडजोड होता कामा नये. त्यावर कृपलानी, मसानी आणि वाजपेयी यांच्यासोबत पुण्याचे खासदार ना. ग. गोरे यांचीही सही होती. गोव्याच्या मुक्तीसाठी पोर्तुगीजांचा तुरुंग भोगलेल्या गोऱ्यांसारख्या माणसाला परक्याच्या ताब्यातली जमीन सोडून देणं रुचणं शक्य नव्हतं.

चौ एन-लाय यांनी मंत्रिमंडळातल्या ज्येष्ठांच्या वेगवेगळ्या भेटी घेतल्या. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्याबरोबरची भेट खटक्याची झाली. तिबेटी लोकांना भारतीय भूमीवर चीनविरोधी हालचाली का करू दिल्या जातात, असं चौंनी विचारलं. लेनिनलाही इंग्लंडने आसरा दिला होता आणि त्याच्या राजकारणावर कुणी बंधन घातलं नव्हतं, याची मोरारजींनी त्यांना आठवण करून दिली. उत्तर तर्काला धरून होतं, पण समोरच्याच्या दुखऱ्या जागेवर नेमकं बसणारं होतं. चर्चा निष्फळ ठरली. सीमेवरचे दस्तऐवज दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी तपासावेत एवढंच ठरलं आणि त्यांनी वर्षअखेर दोन स्वतंत्र अहवाल दिले.

इथून पुढे वाटाघाटींची जागा चौक्यांनी घेतली. २ नोव्हेंबर १९६१ रोजी नेहरूंच्या बैठकीत ठरलं की लडाखमध्ये शक्य तितकं पुढे सरकून चौक्या उभाराव्यात. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक यांचं मत होतं की आपण चौकी बसवली की चिनी तिथे बळ वापरणार नाहीत. लष्कराच्या पश्चिम विभागाने कळवलं होतं की एवढ्या चौक्यांना रसद पोचवणं आणि त्या राखणं आपल्याला झेपणार नाही. पण सैन्याचा शब्द ऐकला जाण्याचे ते दिवस नव्हते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि सेनानी यांचे संबंध विकोपाला गेले होते. १९५९मध्ये लष्करप्रमुख थिमय्या यांनी राजीनामा दिला होता. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला, पण कटुता गेली नाही.

त्यातच डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत संपली. ही घटना न्याय्य आणि आनंदाची होती. मात्र दिल्लीतल्या काही डोक्यांत तिने नको तो भरवसा पेरला. मांडवीच्या काठावर पोर्तुगीजांच्या तुटपुंज्या शिबंदीशी पडलेली गाठ वेगळी आणि चौदा हजार फुटांवर चिनी सैन्याशी पडणारी गाठ वेगळी, याचा विचार मागे पडला. पुढच्या निवडणुकीत मेनन उत्तर मुंबईतून कृपलानींना मोठ्या फरकाने हरवून निवडून आले, तेव्हा आपलं धोरण जनतेला मान्य आहे असाही समज झाला.

जुलै १९६२मध्ये गलवान खोऱ्यात जे घडलं त्याने हा समज पक्का केला. तिथल्या गुरखा जवानांच्या छोट्या चौकीला चिनी सैनिकांनी चोहोबाजूंनी वेढलं. कर्ण्यावरून दमदाटी झाली, बंदुका रोखल्या गेल्या, पण जवान जागचे हलले नाहीत. चिनी थोडे मागे सरले. वर्तमानपत्रांनी जवानांचं कौतुक केलं आणि ते त्याला पात्रच होते. पण दिल्लीने त्यातून काढलेला निष्कर्ष घातक ठरला : आपण ठाम राहिलो की चीन माघार घेतो. चीन त्या उन्हाळ्यात दुसऱ्याच काळज्यांत गुंतला होता. ‘ग्रेट लीप’च्या धोरणाने ओढवलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली होती. रशियाशी बिनसलं होतं आणि सिंकियांगमधून हजारो लोक सीमा ओलांडून रशियात निघून गेले होते. तैवानमधून चँग कै-शेक हल्ला करणार अशी भीती होती. जूनअखेर अमेरिकेने वॉर्सातल्या चिनी राजदूताला सांगितलं की आपण अशा हल्ल्याला पाठबळ देणार नाही. पूर्वेचं ओझं उतरलं आणि पेकिंगची नजर हिमालयाकडे वळली. चहूबाजूंनी घेरल्यासारखं वाटणाऱ्या त्या राजवटीला भारताच्या चौक्या फार मोठ्या कटाचा भाग वाटत होत्या. प्रत्यक्षात त्या चौक्यांत वीस-पंचवीस जवान विमानाने टाकलेल्या शिध्यावर दिवस काढत होते.

८ सप्टेंबरला पूर्वेकडे थागला डोंगराखालच्या धोला चौकीला चिनी सैन्याने वेढा दिला. नेहरू परदेशी होते. त्यांच्या अनुपस्थितीत दिल्लीत आदेश निघाला की चिन्यांना हुसकावून लावा. १२ ऑक्टोबरला श्रीलंकेला निघताना विमानतळावर पत्रकारांनी विचारलं, तेव्हा नेहरूंनी सांगितलं की आपली भूमी मोकळी करण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत, वेळ सैन्याने ठरवायची आहे. दुसऱ्या दिवशी हे वाक्य देशभर मथळ्यांत झळकलं आणि पेकिंगमध्येही वाचलं गेलं. त्या वेळी नामकाचू नदीकाठी ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडमधल्या अनेक जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते आणि अनेकांजवळ माणशी पन्नासच काडतुसं होती. डोंगराचा माथा चिन्यांकडे होता. दळवी आणि त्यांचे वरिष्ठ हे सांगत होते. पण जाहीर झालेला शब्द मागे घेण्याची हिंमत दिल्लीत कुणाची झाली नाही.

२० ऑक्टोबरच्या पहाटे चीनने दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. नामकाचूवरची ब्रिगेड काही तासांत विस्कटली, दळवी कैद झाले, तवांग गेलं. पाच दिवसांनी नेहरूंनी जाहीरपणे कबूल केलं की आपण वास्तवापासून दूर, स्वतःच तयार केलेल्या कृत्रिम वातावरणात जगत होतो. मेनन यांना आधी संरक्षण खातं आणि मग मंत्रिमंडळ सोडावं लागलं. नोव्हेंबरच्या मध्यात दुसरा हल्ला झाला. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग यांची कुमाऊँ रेजिमेंटची कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. त्याच सुमारास पूर्वेला सेला आणि बोमदिला इथली मोठी फौज वरिष्ठांच्या गोंधळात मागे फिरली आणि मोडली. माणसं तीच, सैन्य तेच. एका ठिकाणी मनाची तयारी होती, दुसऱ्या ठिकाणी वरूनच खचलेपण झिरपत आलं होतं.

आधीचा फाजील विश्वास आता तितक्याच टोकाच्या भीतीत बदलला. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अध्यक्ष केनेडींना एकाच दिवसात दोन पत्रं लिहून लढाऊ विमानांच्या बारा स्क्वॉड्रनची आणि बॉम्बफेकी विमानांची मागणी केली. अलिप्ततेवर आयुष्य वेचलेल्या माणसाने ही पत्रं किती यातनेने लिहिली असतील, याची कल्पना करता येते. आपल्याकडे असलेलं हवाई दल मात्र लढाईत उतरवलंच नाही. चीन कलकत्त्यावर बॉम्ब टाकेल, ही धास्ती त्यामागे होती. तिबेटच्या उंचीवरच्या धावपट्ट्यांवरून चिनी विमानांना फारसा भार घेऊन उडताच येत नव्हतं, हे शांतपणे तपासण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कुणी नव्हतं.

त्या भीतीचं रूप पाहायचं तर आसाममधल्या तेजपूरला जायला हवं. २० नोव्हेंबरच्या आसपास त्या गावातून सरकार नावाची गोष्ट नाहीशी झाली. जिल्ह्याचा उपायुक्त निघून गेला. ब्रह्मपुत्रा ओलांडण्यासाठी फेरीबोटींवर झुंबड उडाली. स्टेट बँकेच्या शाखेत नोटा जाळल्या गेल्या आणि नाणी जवळच्या तळ्यात फेकली गेली. मनोरुग्णालयाची दारं उघडली आणि रुग्ण सुन्या रस्त्यांवर भटकू लागले. चिनी सैन्य तेजपूरला कधी पोचलंच नाही. पण ‘दिल्लीने आम्हाला सोडून दिलं’ ही आसाममधली भावना त्या दिवसांत रुजली आणि तिचा दाखला म्हणून नेहरूंचं त्या वेळचं रेडिओवरचं भाषण तिथले लोक पुढे अनेक वर्षं बोलून दाखवत राहिले.

भीतीने आणखी एक अन्याय घडवला आणि त्याची आठवण आपण फार कमी काढतो. भारतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत कोंडण्यात आलं. त्यांत म्हातारेकोतारे होते, तान्ही मुलं होती. हेरगिरीचा गुन्हा सिद्ध होणं तर दूरच, बहुतेकांवर खटलाही चालला नाही. काहींची सुटका युद्धानंतर कित्येक वर्षांनी झाली आणि परतल्यावर घर-दुकान हातचं गेलेलं होतं.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्रात अभिमानाने म्हटलं जाऊ लागलं. त्या वाक्यात जो आवेश आहे, तो चव्हाणांच्या कामात फारसा दिसत नाही, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथेच आहे. त्यांच्या हाती आलं ते खातं अपमानाने पोळलेलं होतं. अधिकृत आकड्यांनुसार १,३८३ जवान मारले गेले होते, १,६९६ बेपत्ता होते आणि ३,९६८ कैदेत होते. सेनापती मंत्र्यांवर, मंत्री सेनापतींवर आणि जनता दोघांवर चिडलेली होती. बळीचा बकरा शोधणं सोपं होतं.

चव्हाणांनी आधी ऐकून घेतलं. तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्याबरोबर सकाळच्या नियमित बैठका सुरू केल्या. तिथे अधिकाऱ्याला मोकळेपणी नाही म्हणता येत असे. पराभवाच्या चौकशीचं काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांच्याकडे होतं. त्यांच्या अहवालाचा सारांश चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत मांडला, तोही कुणाची नालस्ती न करता. प्रशिक्षण, शस्त्रं, नेतृत्व यांतल्या उणिवा त्यांनी मान्य केल्या. १९६३-६४च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये ठेवले गेले, आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून अधिक. सव्वाआठ लाखांचं सैन्य, नव्या पर्वतीय डिव्हिजन आणि मिग विमानांचा करार हे सगळं त्यातून उभं राहिलं. दरम्यान नाशिक मतदारसंघाने चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. पराभवाने पोळलेल्या देशात जखमेचा उपयोग संघटनेसाठी करता येतो, हे त्यांनी दाखवलं. लोकांच्या दुःखालाही वाट मिळाली. जानेवारी १९६३मध्ये दिल्लीत नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी प्रदीप यांचं शहीदांवरचं गीत गायलं. त्याची चाल नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची होती.

१ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घातले. दुपारी लष्करप्रमुख आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग चव्हाणांकडे आले आणि चव्हाणांनी काही मिनिटांत हवाई हल्ल्याला परवानगी दिली. त्या संध्याकाळी भारताची चार जुनी व्हॅम्पायर विमानं पडली, म्हणजे निर्णयाची किंमत लगेच मोजावी लागली, पण १९६२ची धास्ती मोडली. त्याच युद्धात चीनने सिक्कीम सीमेवरून निर्वाणीचा इशारा दिला, तेव्हा दिल्ली गडबडली नाही. १९६७मध्ये नथुला इथे चिनी तोफांना तितक्याच जोराचं उत्तर मिळालं.

सैन्य सावरलं, पण राज्याच्या मनातली सल गेली नाही. भारतीय पंतप्रधानांनी पुन्हा चीनला जायला १९८८ उजाडलं. चीनने ऑक्टोबर १९६४मध्ये अणुस्फोट केला, तेव्हापासून भारतातली बॉम्बची चर्चा १९६२च्या आठवणीपासून सुटली नाही. मे १९९८मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर पंतप्रधान वाजपेयींनी अध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहिलं. त्यात समर्थन म्हणून शेजारच्या अण्वस्त्रधारी देशाचा आणि त्याने १९६२मध्ये केलेल्या आक्रमणाचा उल्लेख होता. १९६०मध्ये तडजोडीविरुद्धच्या पत्रावर सही करणाऱ्यांपैकी ते एक होते. १५ जून २०२०च्या रात्री गलवानमध्ये वीस भारतीय जवान मारले गेले, तेव्हा त्या खोऱ्याचं नाव देशाला पुन्हा नव्याने शिकावं लागलं.

हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल अजूनही गोपनीय आहे. २०१०मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर संवेदनशील आहे आणि लष्करीदृष्ट्या आजही महत्त्वाचा आहे. २०१४मध्ये त्याचा बराच भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर टाकला, तरी सरकारची भूमिका बदलली नाही. चव्हाणांनी १९६३मध्ये तो झाकला, त्याला कारण होतं : सैन्य नुकतंच सावरत होतं आणि चीन समोर उभा होता. आज त्या लढाईतला एकही सेनापती हयात नाही, एकही मंत्री नाही. नामकाचूवर सुती कपड्यांत उभ्या राहिलेल्या जवानांच्या नातवंडांना आपल्या आजोबांना तिथे कोणी आणि का पाठवलं, हे सरकारी कागदावर वाचण्याचा हक्क आहे. तो अहवाल संपूर्ण खुला करावा.